खाच तीच, करार नवा: मेमरी कार्ड रीडरचा इतिहास

मेमरी कार्ड रीडर हे कार्डातली माहिती संगणकापर्यंत पोचवणारे छोटे यंत्र. प्लास्टिकच्या डबीत एक नियंत्रक चिप, एका अंगाला कार्डासाठी खाच आणि दुसऱ्या अंगाला यूएसबीची वायर, एवढाच त्याचा पसारा. काम मात्र दुभाष्याचे आहे. कार्ड स्वतःच्या आज्ञा मानते, संगणक यूएसबीच्या आज्ञा देतो आणि दोघांचे बोलणे एकमेकांना समजावून देण्याची जबाबदारी रीडरवर येते. गेल्या साडेतीन दशकांत कार्डाचे व्होल्टेज, जागेचे पत्ते मोजण्याची रीत, फाइली मांडण्याची पद्धत आणि वेग हे सगळे पुनःपुन्हा बदलले. बाहेरचा आकार दर वेळी बदलला नाही. ‘कार्ड गेलं’ म्हणून जे बाजूला टाकले जाते ते पुष्कळदा शाबूत असते, फक्त त्याच्या जन्माआधीचे नियम पाळणारा रीडर त्याच्यासमोर ठेवलेला असतो. रीडर निवडताना किंवा त्याचा बिघाड शोधताना कुठला नियम कुठल्या वर्षी आला हे माहीत असणे म्हणूनच उपयोगी पडते.

या इतिहासाची सुरुवात कार्डाच्याही आधी, फ्लॅश मेमरीपाशी होते. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा प्रकार. वीज बंद झाली तरी माहिती टिकणारी, एकही फिरता भाग नसलेली आणि थोड्या जागेत पुष्कळ साठवणारी ही मेमरी खिशात नेण्याच्या साठवणीसाठी फारच सोयीची होती. अडचण एवढीच, की तिच्यात एखादे अक्षर खोडून तिथेच दुसरे लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो, मग त्यावर लिहायचे. पुसण्याच्या फेऱ्यांनी ठोकळे झिजतात आणि काही कारखान्यातूनच सदोष येतात. कुठला ठोकळा चांगला, कुठला बाद, पुढचे लिखाण कुठे करायचे, याचा हिशेब सतत कोणीतरी ठेवावा लागतो. तो हिशेब कार्डाच्या पोटातल्या चिपने ठेवायचा की बाहेरच्या यंत्राने, या प्रश्नाच्या दोन वेगळ्या उत्तरांतून कार्डांची दोन घराणी निघाली. त्यांतले एक टिकले, दुसरे आज जवळजवळ संपले आहे.

पहिली सर्वमान्य खाच लॅपटॉपला मिळाली. १९८९ मध्ये अमेरिकेत पीसीएमसीआयए ही उद्योगसंघटना स्थापन झाली आणि १९९० मध्ये तिचे पहिले मानक आले. बँकेच्या कार्डाएवढी, ८५.६ बाय ५४ मिलिमीटरची, ६८ पिनांची ही कार्डे पुढे पीसी कार्ड म्हणून ओळखली गेली. लॅपटॉपच्या कडेलाच खाच असल्याने वेगळ्या रीडरची गरज नव्हती. टेबलावरच्या संगणकाला मात्र तशी खाच नव्हती, आणि रीडर नावाच्या स्वतंत्र वस्तूची निकड या उणिवेतून निर्माण झाली.

१९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजेच सीएफ कार्ड आणले. ही कंपनी १९८८ मध्ये एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरमध्ये जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी स्थापन केली होती. तेव्हा तिचे नाव सनडिस्क होते, ते १९९५ मध्ये बदलले. सीएफ कार्ड ४२.८ बाय ३६.४ मिलिमीटरचे होते आणि त्याला ५० पिना लागत. त्याच्या रचनेतला सर्वांत दूरदर्शी निर्णय असा, की ठोकळ्यांचा हिशेब ठेवणारी नियंत्रक चिप कार्डातच बसवली होती आणि बाहेरच्या जगाशी ते हार्ड डिस्कच्याच आज्ञांनी बोलत असे. समोरच्या यंत्राला आत फ्लॅश आहे की फिरती तबकडी, याच्याशी कर्तव्य उरले नाही. म्हणूनच सीएफ कार्ड पीसी कार्डाच्या खाचेत बसवायला फक्त तारा जोडून देणारा, आत कसलीही चिप नसलेला साधा अडॅप्टर पुरत असे. कोडॅकच्या डीसी२५ या १९९६ च्या कॅमेऱ्यात सीएफ आले आणि पुढची कित्येक वर्षे व्यावसायिक छायाचित्रकारांचे ते मुख्य कार्ड राहिले.

सीएफच्या रीडरचा खास रोगही याच रचनेतून आला. कार्डाला भोके आणि रीडरला उभ्या, बारीक पिना. कार्ड तिरके घातले किंवा उलटे रेटले की पिन वाकते, आणि वाकलेल्या पिनेवर दुसरे कार्ड जोराने घातले तर ती मोडते किंवा शेजारच्या पिनेला टेकते. कार्ड अजिबात ओळखले जात नसेल किंवा अर्ध्यावर कॉपी थांबत असेल, तर आधी टॉर्चच्या उजेडात खाचेतल्या पिनांची रांग पाहावी. त्याआधी त्या खाचेत एकही कार्ड घालू नये. कॅमेऱ्याची खाच वाचवायची असेल तर शंका असलेले कार्ड पहिल्यांदा रीडरमध्ये तपासणे शहाणपणाचे, कारण रीडर काही शे रुपयांत बदलता येतो, कॅमेऱ्याची खाच तशी बदलता येत नाही. जाडीचाही एक प्रश्न होता. साधे सीएफ ३.३ मिलिमीटर जाड, तर दुसरा प्रकार ५ मिलिमीटरचा. आयबीएमने १९९९ मध्ये आणलेली मायक्रोड्राइव्ह, म्हणजे १७० आणि ३४० एमबीची चिमुकली हार्ड डिस्क, या दुसऱ्या प्रकारातली होती. अरुंद खाचेच्या रीडरमध्ये ती शिरतच नसे, आणि शिरली तरी तिला वीज जास्त लागे.

दुसऱ्या घराण्याने उलटा रस्ता धरला. तोशिबाने १९९५ मध्ये आणलेले स्मार्टमीडिया कार्ड ४५ बाय ३७ मिलिमीटरचे आणि केवळ ०.७६ मिलिमीटर जाड होते. इतके पातळ होण्याचे कारण म्हणजे त्यात नियंत्रक चिपच नव्हती, नुसती फ्लॅश मेमरी होती. सगळा हिशेब कॅमेऱ्याने किंवा रीडरने ठेवायचा. कार्ड स्वस्त झाले, पण त्याची किंमत वापरणाऱ्याने दुसरीकडे मोजली. नवी, मोठ्या क्षमतेची चिप आली की जुन्या रीडरला ती ओळखता येत नसे, कारण तिची अंतर्गत मांडणी त्याला आधीपासून शिकवलेली असावी लागे. त्यातच ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशी दोन प्रकारची कार्डे होती, कापलेला कोपरा डावीकडे की उजवीकडे एवढ्यावरून ती ओळखायची. चुकीच्या पद्धतीने संगणकावर फॉरमॅट मारले तर कार्डाच्या सुरुवातीच्या ठोकळ्यातली ओळख पुसली जाऊन कॅमेरा ते कार्ड नाकारत असे. स्मार्टमीडिया १२८ एमबीच्या पुढे गेलेच नाही. ऑलिम्पस आणि फुजीफिल्म यांनी २००२ मध्ये त्याचा वारस म्हणून एक्सडी कार्ड आणले, त्यातही नियंत्रक नव्हता आणि त्याची धाव २ जीबीपर्यंतच पोचली. अनेक घरांतली पहिली डिजिटल छायाचित्रे अजून या दोन कार्डांत अडकलेली असतील. नव्या रीडरमध्ये त्यांच्या खाचा क्वचितच असतात, तेव्हा अशी कार्डे हाती असलेल्याने जुना बहुखाची रीडर मिळेल तिथून मिळवून ती लवकर उतरवून घ्यावीत.

कार्ड संगणकाला जोडायचे कसे, याची उत्तरे या काळात फारच धडपडीची होती. कॅमेऱ्यासोबत सीरियल पोर्टची वायर येई. तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट, म्हणजे ८ एमबीचे कार्ड रिकामे करायला सगळे सुरळीत चालले तरी बारा मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याची बॅटरी खर्ची पडे. पॅरलल पोर्टला, प्रिंटरच्या जागी, लावायचे रीडरही निघाले. सर्वांत कल्पक उपाय होता फ्लॉपीच्या आकाराच्या अडॅप्टरचा. फ्लॅशपाथ नावाच्या या अडॅप्टरमध्ये स्मार्टमीडिया सरकवायचे आणि तो सरळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायचा. आतला भाग फ्लॉपीच्या चुंबकीय तबकडीची नक्कल करून ड्राइव्हच्या डोक्याला माहिती पुरवी. त्याला बटणाएवढ्या बॅटऱ्या लागत, संगणकात वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे आणि वेग फ्लॉपीचाच मिळे. तरीही ज्या संगणकाला फ्लॉपीखेरीज दुसरी वाट नव्हती, त्याच्यासाठी ते वरदान होते.

हे सगळे तोडगे यूएसबीने निकालात काढले. १९९६ मध्ये पहिले आणि १९९८ मध्ये १.१ हे सुधारलेले मानक आले. वडोदऱ्यात शिकलेले, इंटेलमध्ये काम करणारे अजय भट्ट हे यूएसबीच्या जनकांपैकी एक. सेकंदाला १२ मेगाबिटचा वेग आज हास्यास्पद वाटेल, पण सीरियल वायरीच्या तुलनेत तो जवळजवळ शंभर पट होता. वेगाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे ‘मास स्टोरेज’ हा सर्वांसाठी एकच ठरलेला नियमसंच. प्रत्येक कंपनीचा रीडर आता संगणकाला एकाच रीतीने सांगू लागला की मी एक काढघालीची डिस्क आहे. विंडोज ९८ वर रीडरसोबत आलेली सीडी घालून ड्रायव्हर टाकावा लागे. विंडोज २००० आणि एमईपासून तो संगणकातच आला. तेव्हापासून रीडर ही निमूटपणे चालणारी वस्तू झाली, आणि ती बिघडते तेव्हा लोक गोंधळतात त्याचे कारणही हेच. इतकी वर्षे तिच्याकडे बघावेच लागले नव्हते.

दरम्यान कार्डांचा सुकाळ झाला होता. सीमेन्स आणि सॅनडिस्क यांचे एमएमसी १९९७ मध्ये आले, सोनीची मेमरी स्टिक १९९८ मध्ये. मग पॅनासॉनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले आणि २००० मध्ये एसडी असोसिएशन स्थापन झाली. बाजाराने यावर शोधलेले उत्तर म्हणजे ‘सहा-एकात’, ‘बारा-एकात’ अशा आकड्यांचे बहुखाची रीडर. हा आकडा खाचांचा नसतो, वाचता येणाऱ्या कार्डप्रकारांचा असतो. त्यात अडॅप्टर लावून चालणारी कार्डेही मोजलेली असतात, म्हणून मोठा आकडा पाहून रीडर घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कुठली कार्डे आहेत आणि त्यांची खाच थेट आहे का, एवढेच पाहावे. फ्लॉपी ड्राइव्ह नाहीशी होत गेली तशी तिची साडेतीन इंची जागा संगणकाच्या पुढच्या बाजूला बसणाऱ्या अंतर्गत रीडरने घेतली. त्याची वायर मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जोडणीत लागते, आणि ती एक पिन सरकवून लावली तर रीडर जळू शकतो.

बहुखाची रीडरचा एक विशिष्ट त्रास विंडोज एक्सपीच्या काळात कार्यालयांतून फार दिसे. प्रत्येक खाच संगणकाला वेगळी डिस्क म्हणून दिसते, त्यामुळे चार खाचांचा रीडर लावला की रिकाम्या असल्या तरी ई, एफ, जी, एच अशी चार अक्षरे खर्ची पडतात. त्यातले एखादे अक्षर नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरला आधीच दिलेले असले तर कार्ड घालूनही ते दिसत नसे. रीडर, कार्ड, वायर सगळे ठीक, केवळ अक्षराचे भांडण. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात जाऊन त्या खाचेला मोकळे अक्षर दिले की कार्ड हजर. आजही दिवा लागतो, संगणक रीडर ओळखतो, पण कार्डाचा पत्ता नाही अशी स्थिती असेल तर पहिली भेट डिस्क मॅनेजमेंटलाच द्यावी. तिथे कार्डाची खरी क्षमता दिसत असेल तर विजेची आणि पिनांची बाजू ठीक आहे आणि प्रश्न अक्षराचा किंवा फाइल मांडणीचा आहे. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकात किंवा तत्सम यंत्रात वापरलेले कार्ड विंडोजमध्ये घातल्यावर ६४ जीबीऐवजी काहीशे एमबीच दाखवते, त्याचा उलगडाही इथेच होतो. उरलेला भाग लिनक्सच्या मांडणीत असतो आणि विंडोजला तो वाचता येत नाही.

एसडी कार्ड २४ बाय ३२ मिलिमीटरचे, २.१ मिलिमीटर जाडीचे, नऊ पिनांचे. एमएमसीपेक्षा जरा जाड असले तरी तोंडवळा तोच ठेवल्याने एसडीच्या खाचेत एमएमसीही चाले. त्याच्या डाव्या कडेची सरकती कुलूपपट्टी हा गैरसमजाचा मोठा विषय आहे. या पट्टीला कार्डाच्या आत कसलीही विद्युत जोडणी नाही. ती कुठे आहे हे रीडरमधली एक बारीक कळ चाचपते आणि ‘लिहू नका’ हा निर्णय रीडर घेतो. पट्टी सैल होऊन कार्ड घालताना आपोआप सरकते, किंवा रीडरची कळच अडकते. दुसरे कार्डही ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून दिसले तर दोष रीडरचा. तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्येही कुलूपबंद दिसत असेल आणि पट्टी जागेवर असेल, तर बहुधा आयुष्य संपत आलेल्या कार्डाने स्वतःला केवळ वाचण्याच्या अवस्थेत नेले आहे. अशा कार्डावर फॉरमॅटची खटपट करण्याऐवजी जे वाचता येते ते उतरवून घ्यावे आणि कार्ड निवृत्त करावे.

आता या इतिहासातला कळीचा टप्पा. मूळ एसडी मानकात जागेचा पत्ता एकेका बाइटने मोजला जाई आणि क्षमता २ जीबीपर्यंत ठरली होती. कॅमेऱ्यांची भूक वाढली तशी ती अपुरी पडू लागली. २००६ मध्ये एसडीएचसी आले. त्यात पत्ता ५१२ बाइटच्या ठोकळ्याने मोजायचा ठरला आणि क्षमता ३२ जीबीपर्यंत गेली. आकार, पिना, खाच सगळे तसेच. नवे कार्ड सुरू होताना रीडरकडून एका नव्या आज्ञेची अपेक्षा करते. २००६ च्या आधीच्या रीडरला ती आज्ञा ठाऊकच नाही. ती न मिळाल्याने कार्ड ‘तयार’ असा निरोप देत नाही आणि रीडरच्या दृष्टीने खाच रिकामीच राहते. नवे कार्ड जुन्या रीडरमध्ये घालणाऱ्या असंख्य लोकांनी या एका कारणाने दुकानदाराशी वाद घातले आहेत. उलट दिशेने अडचण नाही, नवा रीडर जुनी एसडी कार्डे वाचतो. सोनीकडेही असेच घडले. मूळ मेमरी स्टिक १२८ एमबीला अडकली, २००३ मध्ये मेमरी स्टिक प्रो आली. तीही त्याच खाचेत बसे, पण जुन्या रीडरला तिचे बोलणे समजत नसे.

२००९ मध्ये एसडीएक्ससी जाहीर झाले, मर्यादा २ टीबी. या वेळी पत्ते मोजण्याची रीत तीच राहिली, त्यामुळे बरेच एसडीएचसी रीडर ही कार्डे विजेच्या पातळीवर वाचू शकले. बदलली ती फाइलींची मांडणी. आधीची एफएटी३२ ही पद्धत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल साठवू शकत नव्हती, व्हिडिओच्या काळात ते जाचक होते. तिच्या जागी मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट आली. विंडोज व्हिस्टाला ती २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून कळू लागली, एक्सपीला वेगळा अपडेट टाकावा लागे, आणि लिनक्सच्या गाभ्यात ती मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तपशील खुले केल्यानंतरच रुळली. ज्या संगणकाला एक्सफॅट कळत नाही तो कार्ड भरलेले असूनही ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?’ असे विचारतो. या एका प्रश्नाला ‘हो’ म्हणून जितक्या लग्नांचे आणि बारशांचे फोटो नाहीसे झाले असतील तितके खऱ्या बिघाडाने क्वचितच झाले असतील. इथे ‘नाही’ म्हणून कार्ड दुसऱ्या, नव्या संगणकावर किंवा मूळ कॅमेऱ्यात तपासणे हाच योग्य मार्ग. गाडीतल्या जुन्या स्टिरिओत किंवा छोट्या स्पीकरमध्ये मोठे कार्ड चालत नाही, त्यामागेही बऱ्याचदा एक्सफॅटच असते.

महाराष्ट्रात, आणि एकूणच भारतात, कार्ड रीडर घराघरांत ओळखीचा झाला तो कॅमेऱ्यामुळे नाही, मोबाइलमुळे. सॅनडिस्कने २००४ मध्ये आणलेले ट्रान्सफ्लॅश २००५ मध्ये मायक्रोएसडी या नावाने मानक झाले. १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर, नखाएवढे. बटणांच्या फोनमध्ये ते बसू लागले आणि इंटरनेट महाग आणि मंद असल्याने एक नवा धंदा उभा राहिला. तालुक्याच्या बाजारात, एसटी स्टँडच्या बाहेर, मोबाइल रिचार्जच्या टपरीत एक संगणक, त्यात भजने, लावण्या, चित्रपटगीते, आणि वायरीच्या टोकाला पेनच्या टोपणाएवढा रीडर. ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी. गिऱ्हाईक फोनची बॅटरी काढून कार्ड द्यायचे, आवडीच्या गायकांची नावे सांगायचे आणि दहा-वीस मिनिटांत शेकडो गाणी घेऊन जायचे. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दृष्टीने हा सरळ हक्कभंग होता, आणि कायद्याने त्यांची बाजू खरी होती. पण ग्रामीण भागात डिजिटल संगीत पोचवणारी हीच मुख्य व्यवस्था होती, हेही तितकेच खरे, आणि या काळाच्या सांस्कृतिक इतिहासात त्या टपऱ्यांची नोंद व्हायला हवी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि हा धंदा झपाट्याने ओसरला.

या टपऱ्यांतून गाण्यांबरोबर दुसरी गोष्टही पसरली. एकाच रीडरमधून दिवसभर अनोळखी कार्डे जात, त्यामुळे विंडोजच्या ऑटोरन सोयीवर चालणारे व्हायरस कार्डावरून कार्डावर उड्या मारत. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही ही सोय आवरती घेतली, पण ‘शॉर्टकट व्हायरस’ नंतरही टिकला. त्यात कार्डावरचे सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात आणि माणूस घाबरून फॉरमॅट मारतो. प्रत्यक्षात मूळ फोल्डर तिथेच असतात, फक्त त्यांना ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टिम’ अशी खूण लावलेली असते. ॲट्रिब या जुन्या आज्ञेने ती खूण काढली की फाइली पुन्हा दिसतात. त्यानंतर कार्ड फॉरमॅट करायचे, आधी नाही.

मायक्रोएसडी मोठ्या खाचेत घालण्याचा अडॅप्टरही तपासयादीत हवा. त्यात चिप नसते, फक्त तारा असतात, आणि त्या स्वस्तातल्या पातळ पत्र्याच्या असतात. कार्ड मध्येच नाहीसे होत असेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहावा. बनावट क्षमतेची कार्डेही याच आकारात सर्वाधिक सापडतात. ८ जीबीच्या चिपवर ६४ जीबीची खोटी माहिती लिहिलेली असते, पहिले ८ जीबी नीट चालतात आणि पुढचे लिखाण हरवते किंवा आधीच्या माहितीवर चढते. दोष रीडरचा वाटतो, पण नसतो. जर्मनीच्या ‘सी-टी’ मासिकाने प्रसिद्ध केलेले एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवरचे एफ३ यांसारखी साधने अख्खे कार्ड भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतात. नवे कार्ड घेतल्यावर ते एकदा चालवणे चांगले.

वेगाच्या बाबतीतला घोळ त्यानंतरचा. साधा एसडी मार्ग सेकंदाला २५ एमबीपर्यंत जातो. २०१० च्या यूएचएस-१ ने तो १०४ वर नेला आणि २०११ च्या यूएचएस-२ ने ३१२ वर, त्यासाठी कार्डाच्या पाठीवर पिनांची दुसरी रांग आली. ही दुसरी रांग ज्या रीडरमध्ये नाही, त्यात महागडे यूएचएस-२ कार्डही यूएचएस-१ च्या चालीने चालते. उलट काही यूएचएस-१ कार्डांच्या पाकिटावर १०४ पेक्षा मोठा आकडा छापलेला असतो. तो कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीतला असतो आणि त्या पद्धतीला जुळणाऱ्या रीडरमध्येच मिळतो. पुढचा अडथळा यूएसबीचा. यूएसबी २.० रीडरमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी निघतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड उतरायला अर्धा तास जातो. यूएसबी ३.० आणि यूएचएस-१ च्या जोडीने तेच काम बारा-तेरा मिनिटांत, यूएचएस-२ च्या जोडीने चार-पाच मिनिटांत होते. टाइप-सी पिन पाहून वेगाचा अंदाज बांधू नये, टाइप-सीचे कित्येक स्वस्त रीडर आतून यूएसबी २.० च असतात. पाकिटावर ‘५ जीबीपीएस’ आणि ‘यूएचएस-२’ असे स्पष्ट लिहिलेले शोधावे. ३.० च्या रीडरजवळ वायरलेस माउस अडखळू लागला तर तेही नवल नाही. यूएसबी ३.० च्या वायरीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले. रीडर वेगळ्या पोर्टला किंवा लांब वायरीने लावला की त्रास थांबतो.

बिघाड शोधण्याचा क्रम या सगळ्यातून आपोआप ठरतो. आधी तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये आणि त्याच रीडरमध्ये दुसरे कार्ड, म्हणजे दोष कुणाचा ते कळते. मग हब आणि लांब वायर काढून रीडर थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला, कारण पुढच्या पोर्टला आणि बिनविजेच्या हबला पुरेशी वीज मिळेलच असे नाही. मग कार्डाचे सोनेरी संपर्क मऊ कोरड्या कापडाने पुसणे. कोकणातल्या दमट हवेत आणि घामाच्या बोटांनी त्यांवर थर बसतोच. फाइली चुकून पुसल्या गेल्या असतील तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये, फोटोरेकसारख्या मोफत साधनाने त्या बऱ्याचदा परत मिळतात, पण त्या दुसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. आणि रीडर हात भाजेल इतका तापत असेल तर तो बदलावा.

व्यावसायिक कॅमेऱ्यांत सीएफची जागा निकॉन डी४ पासून, म्हणजे २०१२ पासून, एक्सक्यूडी घेऊ लागले आणि त्यानंतर सीएफएक्स्प्रेस आले. सीएफएक्स्प्रेसचा बी प्रकार आणि एक्सक्यूडी यांचा आकार एकच, पण आतले नियम वेगळे, म्हणून केवळ सीएफएक्स्प्रेससाठी बनवलेले अनेक रीडर एक्सक्यूडी कार्ड वाचत नाहीत. दोन्ही कार्डे बाळगणाऱ्याने दोन्हींचे नाव लिहिलेला रीडरच घ्यावा. लॅपटॉपमधली खाचही बेभरवशाची ठरली. ॲपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोला एसडीची खाच दिली, २०१६ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये यूएचएस-२ च्या वेगासह परत आणली. मधल्या पाच वर्षांत स्वतंत्र रीडर पुन्हा प्रत्येक छायाचित्रकाराच्या पिशवीत गेला.

सर्वांत अलीकडची पायरी एसडी एक्स्प्रेसची. त्यात पिनांची दुसरी रांग आहे, पण ती यूएचएस-२ ची नाही, संगणकाच्या आतल्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाची आहे. त्यामुळे यूएचएस-२ च्या रीडरमध्ये हे कार्ड घातले तर दोन्हींच्या दुसऱ्या रांगा एकमेकींना निरुपयोगी ठरतात आणि व्यवहार यूएचएस-१ वर येऊन थांबतो. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या खेळयंत्राने मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच सक्तीचे केल्याने ही कार्डे सामान्य घरांत पोचली आहेत. साध्या रीडरमध्ये ती वाचली जातात, फक्त खोक्यावर छापलेल्या वेगाने नाही. तो वेग हवा असेल तर रीडरच्या खोक्यावरही ‘एसडी एक्स्प्रेस’ हे शब्द असावे लागतात.